मुखवट्याआडचे पिकलेले केस

घरातले कुत्रे म्हातारे होऊ लागले की त्याची पहिली खूण बहुधा त्याच्या तोंडावर उमटते. नाकाभोवतीची आणि हनुवटीवरची काळी वा तांबूस लव आधी करडी होते, मग पांढरी. दारात ओळखीचे पाऊल वाजले की शेपटी हलते ती पूर्वीसारखीच. पण चेहरा सांगू लागतो, की याची आता उतरती दुपार झाली आहे. इंग्रजीत अशा करड्या तोंडाच्या प्राण्याला ‘ग्रेमझल’ म्हणतात. अमेरिकेत आणि युरोपात माणसांचाही एक समूह आहे, जो आपल्यातील वयस्कांना याच नावाने हाक मारतो. त्या हाकेत थट्टा असते, पण आपुलकी अधिक असते. या समूहाचे नाव ‘फरी फँडम’.

हे नाव अनेक वाचकांनी ऐकले नसेल. ज्यांनी ऐकले असेल त्यांच्यापर्यंत ते बहुधा कुचेष्टेच्या सुरातच पोहोचले असेल. कोल्ह्या-लांडग्यांचे केसाळ वेश चढवून संमेलनांत मिरवणारी माणसे, एवढीच त्यांची ख्याती. परंतु हा समूह आता चार दशकांचा झाला आहे आणि त्याचे पहिले सदस्य म्हातारे होत आहेत. गुडघे कुरकुरू लागल्यावर मित्रांत जायचे कसे, आजारपणात मित्राची दखल कोण घेतो, मित्र गेल्यावर त्याचे दुःख कोणाजवळ बोलायचे, हे प्रश्न आपल्या भजनी मंडळांपुढे आणि बागेतल्या कट्ट्यांपुढे जसे आहेत तसेच ते त्यांच्यापुढेही आहेत. त्यांनी शोधलेली काही उत्तरे आपल्याही उपयोगाची आहेत. म्हणून आजचा हा विषय.

हा समूह कोणाचा?

माणसासारखे बोलणारे, रुसणारे, डावपेच लढवणारे प्राणी आपल्याला नवे नाहीत. पंचतंत्रातील करटक आणि दमनक या कोल्ह्यांना राजनीती कळते, हे आपण शाळेत जाण्याआधीच शिकलो. पाश्चात्त्य मुलांना असे प्राणी चित्रकथांतून आणि चित्रपटांतून भेटले. डिस्नेच्या १९७३ सालच्या ‘रॉबिन हूड’ या चित्रपटाचा नायक चक्क एक कोल्हा होता, आणि या समूहातील कितीतरी जुनी मंडळी त्या चित्रपटाचे नाव आजही प्रेमाने घेतात. बहुतेकांची ही आवड बालपणाबरोबर मागे पडते. काहींची ती टिकते. ते अशा प्राण्यांची चित्रे काढतात, कथा लिहितात, आणि स्वतःसाठीही एक प्राणिरूप कल्पितात. या रूपाला ते ‘फर्सोना’ म्हणतात. त्या रूपाचे एक नाव असते आणि मित्रमंडळीत माणूस त्याच नावाने ओळखला जातो.

यात बहुतेकांना आपण खरोखर प्राणी असल्याचा भ्रम नसतो. रंगमंचावर राजाचे काम करणाऱ्याला आपण राजे नाही हे ठाऊक असते, तसेच हे. अंगभर केसाळ वेश, म्हणजे ‘फरसूट’, तर थोड्यांकडेच असतो. चांगला वेश शिवून घ्यायचा तर हजारो डॉलर मोजावे लागतात. या समूहाविषयी लैंगिक स्वरूपाच्या कुजबुजीही ऐकू येतात. प्रौढांच्या या समूहात तोही एक भाग आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु माणसे वर्षानुवर्षे टिकून राहतात ती मुख्यतः मित्र, चित्रकला आणि गप्पा यांसाठी.

विज्ञानकथाप्रेमींची संमेलने अमेरिकेत पूर्वीपासून भरत. १९८० साली बॉस्टन येथील अशाच एका संमेलनात स्टीव्ह गॅलाची या चित्रकाराच्या चित्राभोवती काही जण जमले आणि प्राणिपात्रांविषयी गप्पांना रंग चढला. तेथून या समूहाचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील कोस्टा मेसा येथे त्यांचे पहिले स्वतंत्र संमेलन भरले. त्याला ६५ जण आले होते. १९९० मध्ये ‘फरीमक’ नावाचे, केवळ लिहून गप्पा मारण्याचे संगणकावरील एक ठिकाण सुरू झाले आणि दूरदूरच्या गावांतील माणसे एकमेकांस भेटू लागली. १९९७ मध्ये ऑल्बनी येथे सुरू झालेले ‘अँथ्रोकॉन’ हे संमेलन २००६ पासून पिट्सबर्ग शहरात भरते आणि अलीकडे त्याला दहा हजारांहून अधिक माणसे येतात.

हिशेब सोपा आहे. १९८९ च्या त्या ६५ जणांत जो पंचविशीचा तरुण होता, त्याने आज साठी ओलांडली आहे. समूहातील बहुसंख्य मात्र अजूनही विशीच्या आगेमागे आहेत; एवढे, की तिशी उलटलेल्यालाही तेथे ‘ग्रेमझल’ म्हणून चिडवले जाते. तरुणांच्या मेळ्यात म्हातारे होणे म्हणजे काय, याचा अनुभव ही माणसे घेत आहेत.

‘आमच्यानंतर त्याचे कोण?’

माझ्याकडे रक्तदाबाच्या उपचारासाठी एक निवृत्त शिक्षिका येतात. वय ७६. यजमान आहेत, एकुलता मुलगा नोकरीनिमित्त पेनसिल्व्हेनियात. मुलाचे वय ४८, अविवाहित. मध्यंतरी बाईंचा रक्तदाब औषधे चालू असूनही चढलेला राहू लागला. झोप कशी आहे, असे विचारले तेव्हा त्यांनी उत्तरादाखल मोबाइल पुढे केला. छायाचित्रात त्यांचा मुलगा हसत उभा होता. त्याच्या एका बाजूस माणसाच्या उंचीचा बिज्जू आणि दुसऱ्या बाजूस तेवढाच उंच कोल्हा.

“डॉक्टर, पोरगा पन्नाशीला आला,” त्या म्हणाल्या, “आणि ही सोंगे घेणारी माणसे त्याचे मित्र. आमच्यानंतर त्याचे कोण?”

मी विचारले, गेल्या वर्षी त्याच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्याला घरी कोणी आणले? परदेशात भूल दिलेल्या रुग्णाला त्याच दिवशी घरी सोडायचे तर सोबत कोणी जबाबदार प्रौढ व्यक्ती असल्याखेरीज सहसा सोडत नाहीत, हे मला ठाऊक होते.

“त्यानेच. या बिज्जूने.”

“आणि रात्री जवळ कोण होते?”

“हा कोल्हा. चार रात्री राहिला म्हणे.” एवढे बोलून बाई छायाचित्राकडे पाहत राहिल्या.

“त्यांची खरी नावे काय?”

“ती नाही विचारली कधी.”

मातेच्या चिंतेचे उत्तर त्या छायाचित्रातच उभे होते, पण त्याला नाव नव्हते, पत्ता नव्हता, दूरध्वनी क्रमांक नव्हता. ही अडचण काल्पनिक नव्हे. टोपणनावांवर उभ्या असलेल्या मैत्रीत माणसे वीस-वीस वर्षे एकमेकांचे सुखदुःख वाटून घेतात आणि एके दिवशी एक जण रुग्णालयात दाखल झाला, की दुसऱ्याला स्वागतकक्षात त्याचे खरे आडनाव सांगता येत नाही. उलट बाजूस घरच्यांना मित्रांना कळवायचे असते, पण कळवायचे कोणाला, हे उमगत नाही. या समूहात समलिंगी व्यक्तींचे प्रमाण सर्वसाधारण समाजापेक्षा बरेच अधिक आहे. अनेकांना अपत्ये नाहीत. काहींचे जन्मघराशी संबंध तुटलेले आहेत. त्यांच्यासाठी हे मित्र म्हणजे सणावारी भेटणारे स्नेही नव्हेत. आजारपणात पेज करून देणारे घरचे माणूस म्हणजे तेच.

मी बाईंच्या औषधाच्या मात्रेत थोडा बदल केला आणि एक काम सांगितले. मुलाकडून त्या दोघांची खरी नावे आणि क्रमांक मिळवायचे. शिवाय अमेरिकेत ‘हेल्थ केअर प्रॉक्सी’ नावाची कागदपत्रांची सोय आहे. आपण बेशुद्ध असलो वा निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलो तर आपल्या वतीने उपचारांविषयी कोणी बोलावे, हे त्यात आधीच लिहून ठेवता येते. ती व्यक्ती नातेवाईकच असावी असे नाही. विश्वासातला मित्रही चालतो. मुलाने ते करून ठेवावे, असे त्याला सांगायचे. पुढच्या भेटीत बाईंनी पर्समधून छोटी वही काढली. तीत दोन नावे, दोन क्रमांक, आणि प्रत्येक नावापुढे लहान अक्षरांत ‘बिज्जू’ आणि ‘कोल्हा’ असे लिहिलेले होते. त्या दिवशी रक्तदाब बराच खाली होता. त्याचे श्रेय गोळीला द्यावे की झोपेला, हे मी सांगू शकत नाही.

एकाकीपणाचे मोजमाप

मैत्री ही मनाची चैन आहे आणि आरोग्य ही शरीराची गरज, अशी वाटणी आपण नकळत करतो. वैद्यकशास्त्र आता ती मानत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांचे सामाजिक संबंध दृढ होते, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांहून ५० टक्क्यांनी अधिक आढळली. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये एकाकीपणाविषयी एक सूचनापत्र काढले. त्यानुसार तुटलेल्या सामाजिक संबंधांमुळे हृदयविकाराचा धोका २९ टक्क्यांनी, पक्षाघाताचा ३२ टक्क्यांनी आणि वृद्धांमध्ये स्मृतिभ्रंशाचा सुमारे ५० टक्क्यांनी वाढलेला दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातील दर सहा व्यक्तींपैकी एकीला एकाकीपणा ग्रासतो.

हे आकडे वाचताना एक विवेक बाळगावा. एकाकीपणामुळे माणूस आजारी पडतो तसाच आजारामुळे तो एकाकीही होतो; कोणते कारण आणि कोणते कार्य, हे प्रत्येक वेळी वेगळे काढता येत नाही. परंतु उपचाराच्या दृष्टीने त्याने फारसा फरक पडत नाही. हे चक्र कोठेतरी तोडायचे तर मित्राची भेट हे त्यातल्या त्यात स्वस्त आणि निर्धोक साधन आहे.

भूमिका बदलावी, वर्तुळ सोडू नये

केसाळ वेशाच्या आत काय होते, याचा एक वैद्य म्हणून विचार करण्याजोगा आहे. वरून कृत्रिम फर, आत फोम, डोक्यावर बंदिस्त मुखवटा. घाम येतो, पण वाळत नाही. म्हणजे शरीर थंड करण्याची निसर्गाची युक्तीच निकामी होते. मुखवट्याच्या छिद्रांतून समोरचे थोडेसेच दिसते, पायाखालचे दिसत नाही, ऐकूही कमी येते. विशीतल्या मुलाला हे काही काळ सोसते. साठीत तहानेची जाणीव मंदावलेली असते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शरीरातले पाणी आणि क्षार आधीच कमी असतात. बीटा ब्लॉकर गटातील औषधे चालू असतील तर उष्णतेला तोंड देण्याची हृदयाची क्षमता कमी होते. अशा वेळी चक्कर, मळमळ, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बोलण्यात असंबद्धपणा दिसला, तर तो उष्माघात असू शकतो. वैशाखातल्या लग्नात जरीची शेरवानी चढवून मांडवात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या आजोबांनाही हा परिच्छेद तंतोतंत लागू आहे.

या समूहाने यावर व्यवस्था बसवली आहे. मोठ्या संमेलनांत एक आडोशाची खोली असते. तेथे पंखे आणि पाणी असते आणि वेशधाऱ्यांनी डोक्यावरचा मुखवटा काढून विसावायचे असते. वेशधाऱ्यासोबत साध्या कपड्यांतला एक सोबती चालतो. तो पायऱ्या दाखवतो, गर्दी बाजूला करतो, पाण्याची आठवण देतो. संमेलनाच्या दिवसांसाठी एक नियमही तोंडपाठ असतो: रोज किमान सहा तास झोप, दोन वेळा जेवण, एकदा स्नान. उत्साहाच्या भरात तरुणांनाही या साध्या गोष्टींचा विसर पडतो.

यातील सोबत्याची भूमिका मला विशेष मोलाची वाटते. स्वतः वेश घालणे ज्याला आता झेपत नाही, तो सोबती होऊ शकतो. कोणी नव्या मुलांना चित्रकला शिकवतो, कोणी टेबलावर बसून नावनोंदणी करतो, कोणी जुन्या दिवसांच्या आठवणी सांगतो. शरीराने एक काम सोडले म्हणून माणसाने वर्तुळ सोडायचे नाही. त्याच वर्तुळात दुसरी जागा शोधायची.

आपल्याकडे मला नेमके उलटे दिसते. टाळ धरून उभे राहता येत नाही म्हणून आजी भजनी मंडळात जाणे बंद करतात. कारण बसून पेटीची साथ करता येते, किंवा नुसते पद निवडून देता येते, असे त्यांना कोणी सुचवत नाही. टेकडी चढवत नाही म्हणून आजोबा सकाळचा फिरण्याचा गट सोडतात. पायथ्याच्या बाकावर थांबून उतरणाऱ्यांबरोबर चहा घ्यावा, हे त्यांनाही सुचत नाही आणि मित्रांनाही. ऐकू कमी येते म्हणून गप्पांतून उठून जाणारे तर कितीतरी. श्रवणदोष आणि सामाजिक विलगता या दोहोंची गणना ‘लॅन्सेट’च्या २०२४ च्या अहवालाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत केली आहे. श्रवणयंत्र हे केवळ कानाचे साधन नाही. मित्रांपर्यंत पोहोचण्याचा तो पूल आहे.

खाटेवरूनही टिकलेले वर्तुळ

फ्रेड पॅटन हे या समूहाचे इतिहासकार. जन्म १९४०, व्यवसायाने ग्रंथपाल. प्राणिपात्रांच्या कथा आणि जपानी चित्रपट यांचा ध्यास घेतलेल्या या गृहस्थाने १९७७ मध्ये अमेरिकेतील जपानी सचेतपटांचे पहिले रसिक मंडळ उभे करण्यात पुढाकार घेतला. २००५ च्या मार्चमध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराची एक बाजू लुळी पडली. पुढचा बराच काळ त्यांना शुश्रूषालयात काढावा लागला. त्यांचा ग्रंथसंग्रह कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे गेला.

पक्षाघातानंतरची कहाणी आम्हा डॉक्टरांना परिचित असते. पहिले तीन महिने माणसांची रीघ लागते. मग ती ओसरते. रुग्ण भिंतीकडे तोंड करून झोपतो. पॅटन यांच्या बाबतीत तसे झाले नाही. ते संगणकावर लिहीत राहिले, नव्या पुस्तकांची परीक्षणे करत राहिले, लेखकांकडून कथा मागवून एकामागून एक संग्रह संपादित करत राहिले. १९८९ ते २०१५ या काळातील संमेलनांचा त्यांनी लिहिलेला इतिहास २०१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पक्षाघातानंतरची ती साडेतेरा वर्षे होती.

इच्छाशक्तीचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाही. इच्छाशक्ती असूनही खचलेले रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत. येथे महत्त्वाचे हे, की त्यांच्या वर्तुळाला त्यांची गरज उरली होती. परीक्षणासाठी पुस्तके येत होती, कथा येत होत्या, उत्तराची कोणीतरी वाट पाहत होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला भेटायला जाताना आपण फळे नेतो. पुढच्या वेळी फळांबरोबर एखादे काम न्यावे. ‘या वर्षीच्या दिवाळी अंकांतले कोणते दोन वाचू, ते निवडून द्या,’ एवढेसुद्धा पुरे.

ठरलेला दिवस

१९८९ च्या त्या पहिल्या संमेलनाच्या आयोजकांत मार्क मर्लिनो आणि रॉड ओरायली हे दोघे होते. आयुष्याचे सहचर असलेल्या या दोघांनी दक्षिण कॅलिफोर्नियातील आपले घर मित्रांसाठी खुले ठेवले. त्या घराला त्यांनी ‘प्रान्सिंग स्किल्टेअर’ असे नाव दिले होते. तेथे दर महिन्याला मंडळी जमत, आणि हा क्रम कित्येक दशके चालला. मर्लिनो फेब्रुवारी २०२४ मध्ये ७१ व्या वर्षी निवर्तले.

हजारोंची संमेलने वर्षातून एकदा येतात. त्यांच्या बातम्या होतात. पण आरोग्याच्या हिशेबात मी दरमहाच्या त्या घराला अधिक गुण देईन. ‘एकदा भेटू या’ असे म्हणणारे मित्र वर्षानुवर्षे भेटत नाहीत. दिवस ठरलेला असतो तेव्हा भेट घडते. त्यात आणखी एक गुपित आहे. ठरल्या दिवशी एखादा आला नाही, तर ते लगेच लक्षात येते. एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या घरी पडझड झाली, तर ती किती तासांनी कळते यावर पुष्कळदा त्याचे प्राण अवलंबून असतात. ‘आज अण्णा का आले नाहीत?’ असे विचारणारा कट्टा हा कोणत्याही यंत्रापेक्षा जुना आणि विश्वासू पहारेकरी आहे.

या समूहाकडून घेण्याजोगी आणखी एक गोष्ट म्हणजे वयांची सरमिसळ. तेथे साठीच्या माणसाची पंचविशीतल्याशी दोस्ती असते, कारण दोघांची आवड एक. आपल्याकडील ज्येष्ठांचे गट बहुधा समवयस्कांचे. त्यात समजूत लवकर जुळते हे खरे. पण ऐंशी उलटताना त्या गटातील खुर्च्या एकेक करून रिकाम्या होतात आणि शेवटच्याला सोबत कोणी उरत नाही. दोन मित्र तरी आपल्याहून वीस वर्षांनी लहान असावेत. बुद्धिबळ, बागकाम, जुनी गाणी, काहीही चालेल. तरुणाला आपल्या वयात रस नसतो, आपल्या छंदात असू शकतो.

मित्राचे सुतक नसते

जिवलग मित्र गेला तर आपल्याकडे सुतक पाळत नाहीत. समाचाराला कोणी येत नाही, नोकरीत रजा मिळत नाही, घरात स्वयंपाक रोजच्यासारखाच होतो. शोकसभेत दोन शब्द बोलून आलेल्या आजोबांना ‘जेवायला वाढू ना?’ असे विचारले जाते आणि विषय संपतो. टोपणनावाच्या मित्रासाठी रडणाऱ्या त्या परदेशी माणसाची अवस्था तर याहून कठीण. घरच्यांना मुळात मेलेला कोण, हेच समजावून सांगावे लागते.

पण शरीर सुतकाचे नियम पाहून दुःख करत नाही. मित्राच्या मृत्यूनंतर भूक मरणे, पहाटे तीनला जाग येणे, छातीत जडपणा वाटणे, औषधे घेण्याची टाळाटाळ, ही लक्षणे मी जोडीदाराच्या मृत्यूनंतर पाहते तशीच येथेही पाहते. छातीतला जडपणा असेल तर तो दुःखाचा आहे असे घरच्या घरी ठरवू नका. हृदयाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. झोप, भूक आणि रुची दोन आठवड्यांनंतरही परतली नाही, तर डॉक्टरांना जरूर भेटा. आणि त्याआधी, अगदी पहिल्याच संध्याकाळी, शेजारी बसून विचारा, ‘तुमची पहिली भेट कोठे झाली होती?’ मग फक्त ऐका.

काळजी घेणाऱ्यांसाठी

घरोघरी ज्येष्ठांच्या आजारपणाची एक फाइल असते. तीत रक्ताचे अहवाल असतात, औषधांची यादी असते, विम्याचा क्रमांक असतो. त्या फाइलमध्ये आजच एक पान वाढवा. त्यावर आई-वडिलांच्या चार-पाच मित्रमैत्रिणींची पूर्ण नावे, ती मंडळी एकमेकांना ज्या नावाने हाक मारतात ती नावे आणि दूरध्वनी क्रमांक लिहा. ‘नाना’, ‘बापू’, ‘पेठेतल्या काकू’ एवढ्यावर थांबू नका; आपल्याकडेही टोपणनावांचा तोच घोटाळा आहे. ते कोणत्या दिवशी, कोठे भेटतात, तेही लिहा. रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आली, तर नातेवाइकांबरोबर या यादीतही एक फोन करा. घरी आणल्यावर पहिली भेट कोणाची हवी, हे रुग्णालाच विचारा. उत्तर कदाचित तुम्हाला अपेक्षित नसेल.

मित्रांकडे जाणे थांबले असेल, तर कारण शोधा. रिक्षाचा प्रश्न आहे, की लघवीच्या तातडीचा, ऐकण्याचा, की रात्री दिसत नाही याचा? बहुतेक कारणांवर उपाय असतो. पण ‘आता नको वाटते’ या शब्दांमागे ते दडलेले असते. जाणे शक्यच नसेल, तर ठरल्या वेळी व्हिडिओ कॉल लावून द्या आणि खोलीतून बाहेर जा. मित्रांच्या गप्पांत मुलांचे काही काम नसते.

आणि त्या मित्रांची आवड आपल्याला पोरकट, विक्षिप्त वा वेळेचा अपव्यय वाटत असेल, तर ते मत खुशाल बाळगा. फक्त त्यांच्यासाठी दार उघडे ठेवा. पत्ते कुटणारे, पतंग बदवणारे, जुन्या रेडिओचे सुटे भाग गोळा करणारे, किंवा केसाळ मुखवटा काढून घाम पुसणारे. आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढण्यासाठी जो येतो, त्याच्या छंदाची चौकशी करण्याचे कारण नसते. त्याला चहा विचारावा, आणि नाव-क्रमांक लिहून घ्यावा.